मोरीसाहेबांची काळी चकती

आमच्या घरात काळं भांडं म्हणजे गुन्हा होता. नाशिकच्या तांबट गल्लीत आम्ही राहायचो, तिथे सकाळ व्हायची ती ठोक्यांनी. शेजारच्या घरातला ठोका जड, समोरच्याचा हलका, आणि आमच्या वडिलांचा एकसारखा, घड्याळासारखा. वडील मठाराचं काम करायचे. मठार म्हणजे तांब्याच्या भांड्यावर हातोडीनं एकाशेजारी एक बारीक खळगे पाडायचे, ओळीत, सारख्या जोरानं, की भांडं उजेडात फिरवलं तर अंगभर चमक धावली पाहिजे. मग चिंच, मीठ आणि राख घेऊन आई आणि मी ते घासायचो. वडिलांचं सांगणं एकच. "काळं भांडं दुकानाची पायरी उतरता कामा नये." माझी शाळा चौथीत सुटली. म्हणजे मीच सोडली, मास्तरांनी काढलं नाही, हे मी आजही पाहिजे त्याला सांगतो. पण नुसता ठोका ऐकून पत्रा किती जाड आहे ते मी दहाव्या वर्षी सांगत होतो, ते काही मास्तरांना येत नव्हतं.

दुसरा गुन्हा म्हणजे कळक. हल्लीच्या पोरांना हा शब्द माहीत नसेल, म्हणून सांगतो. तांब्यापितळेच्या भांड्याला आतून कल्हई नसली आणि त्यात ताक किंवा आमटी राहिली, की हिरवट विष सुटतं. त्याला कळक म्हणायचं. ताक कळकलं की ते गेलं, ओतून द्यायचं. लहानपणी मी एकदा बिनकल्हईच्या तपेलीत ताक ठेवून खेळायला पळालो होतो. आईनं मारलेली ती चापट मला अजून ऐकू येते. हे सगळं आधी सांगून ठेवतोय, कारण पुढे जे झालं ते या दोन गुन्ह्यांवरच उभं आहे.

स्टीलची भांडी आली आणि गल्लीतले ठोके एक-एक करून बंद झाले. तेव्हा माझ्या मावशीचे यजमान, भाऊकाका, जबल अलीला बंदरावर स्टोअरकीपर होते आणि राहायला शारजात. त्यांनी तिथल्या बाजारात एका खंजिरांच्या कारखान्यात माझी वर्णी लावली. अरब लोक कमरेला जो वाकडा खंजीर लावतात, त्याच्या मुठी आणि म्यानं चांदीनं मढवायचं काम. मी एकोणीस वर्षांचा होतो. आईनं निघताना एक तांब्या दिला, वडिलांच्या हातचा, मठाराचा. म्हणाली, "परमुलखात पाणी तरी आपल्या भांड्यातलं पी."

आल्या-आल्या व्हिसाच्या कागदांवर सही करायची वेळ आली. मी पेन घेतलं आणि मराठीत 'गजानन' लिहायला वाकलो. 'ग' काढून झाला तोच टेबलापलीकडच्या माणसानं कागद ओढून घेतला, माझ्याकडे वर पण न बघता शाईची डबी पुढे सरकवली आणि आपला अंगठा हवेत दाबून दाखवला. मला सही येत होती! माझे वडील अंगठा लावायचे, त्यांची मला लाज वाटायची, म्हणून तर मी सही गिरवून-गिरवून शिकलो होतो. भाऊकाका मागून म्हणाले, "लाव रे गजा, मागे लाईन आहे." मी लावला. ती निळी शाई तीन दिवस जात नव्हती आणि मी तीन दिवस डाव्या हातानं जेवलो. मावशी म्हणाली, "अरे, उजव्यानं जेव, ही काय थेरं?"

मावशीचं घर दोन खोल्यांचं. एका खिडकीत एसी होता, तो चालू झाला की कपाटावरचे डबे थरथरायचे, म्हणून मावशीनं प्रत्येक डब्याखाली कापडाची घडी ठेवलेली. पहाटे अजान व्हायची, त्यानंतर खाली भाऊकाकांच्या कंपनीच्या बसचा हॉर्न, मग कुकरची शिट्टी, या क्रमानं आमचा दिवस सुरू व्हायचा. भाऊकाका रत्नागिरीचे. शुक्रवारी सुट्टी, त्यामुळे शुक्रवारी मासे हे ठरलेलं. ते स्वतः बाजारात जाऊन माशाचं पोट दाबून बघायचे, आत गाबोळी, म्हणजे माशाची अंडी, आहे का. मिळाली की लहान मुलासारखे खूश. मावशी ती हळद-तिखट लावून तव्यावर भाजायची, बरोबर मुळ्याची कोशिंबीर आणि चिंचेचं सार. मी बाहेरच्या खोलीत गादीवर झोपायचो आणि महिन्यातून एकदा घरी पत्र लिहायचो, म्हणजे मी सांगायचो आणि मावशी लिहायची, अन् शेवटी सही मात्र माझी. मूलबाळ नसलेल्या त्या दोघांनी मला कधी पाहुणा म्हणून वागवलं नाही. भांडी घासायला लावलं, शिव्या दिल्या, आणि गाबोळीतला मोठा तुकडा मला वाढला.

कारखान्यात मुख्य कारागीर उस्ताद. त्यांना सगळे उस्तादच म्हणायचे, मालकसुद्धा. मूळचे इराणच्या किनाऱ्यावरचे, उंच, कमी बोलणारे, डोळ्याला भिंग लावून सोन्याची तार चांदीत अशी बसवायचे की नखाला सांधा लागू नये. त्यांचं माझं हिंदीत चालायचं, दोघांचंही मोडकं. मला वाटलं होतं, तांबटाचा मुलगा म्हटल्यावर हातात हातोडी देतील. त्यांनी दिला ब्रश. सहा महिने मी नुसतं पॉलिश केलं. रोज विचारायचो, "उस्ताद, हथौडी?" रोज एकच उत्तर. "पहले देखो." मी मनात म्हणायचो, बघायचं काय त्यात, मी जन्मापासून बघतोय.

अशात एका शनिवारी जपानी साहेब आले. जबल अलीला कुठल्याशा प्रकल्पावर ते इंजिनिअर होते. आडनाव मोरी. मी घरी सांगितलं तेव्हा मावशीच्या हातातला डाव खाली पडला इतकी ती हसली. "मोरी? माणसाचं नाव मोरी? आणि बायकोचं काय, न्हाणी?" तेव्हापासून आमच्या घरात ते मोरीसाहेब. बारीक, टापटीप, बुटाला साइटवरची धूळ. साइटवरच्या आपल्या लोकांकडून ते हिंदी शिकले होते, त्यामुळे 'थोडा-थोडा' आणि 'जल्दी नहीं' एवढं त्यांना फार छान यायचं. त्यांनी खिशातून लाकडाची पेटी काढली, पेटीतून रेशमी पिशवी, पिशवीतून कापड, आणि कापडातून तळहाताएवढी एक चकती.

जपानी तलवारीत मूठ आणि पातं यांच्यामध्ये ही चकती असते, हाताला आड म्हणून. मध्ये पातं जायला फट. तलवार त्यांच्या वडिलांकडे गावी होती. मुलगा परदेशी निघाला तेव्हा वडिलांनी तलवारीवरून ही चकती उतरवून त्याला दिली होती, सोबतीला. चकतीवर सोन्याचा एक चतुर बसलेला, चांदीच्या लव्हाळ्यावर. चतुर मागे उडत नाही, पुढेच जातो, म्हणून तिकडचे लढवय्ये त्याला मानायचे, असं मोरीसाहेबांनी हातवारे करून सांगितलं. त्या चतुराचा एक पंख उचलला गेला होता. चतुराभोवतीची सगळी जमीन काळी होती आणि त्या काळ्यावर टाचणीच्या टोकाएवढे गोल दाणे, हजारो, ओळीच्या ओळी. मोरीसाहेब त्यावर बोट न टेकवता म्हणाले, "नानाको."

उस्तादांनी विचारलं, "नाना को क्या?"

मोरीसाहेबांनी हातानं मासा पोहून दाखवला, मग त्याचं पोट, मग पोटातले बारीक दाणे. मी मागून ओरडलो, "गाबोळी!" आणि खरंच, शुक्रवारी ताटात बघतो तीच होती. मला ते काम लगेच कळलं. हा मठारच होता, फक्त मुंगीच्या हातचा. मला वाटलं, या जगात माझे वडील एकटे नाहीत.

मोरीसाहेब पुढच्या महिन्यात रजेवर घरी जाणार होते. वडील थकलेले, ते पहिल्यांदा चकती बघायला मागणार. म्हणून पंख गुरुवारपर्यंत नीट बसवून हवा होता. जाताना ते उस्तादांना दोनदा म्हणाले, "सिर्फ पंख." उस्ताद म्हणाले, "सिर्फ पंख." मी तिथेच उभा होतो. ऐकलं नाही असं म्हणायला मला जागा नाही.

सोमवारी दुपारी उस्तादांनी पंख बसवला. बघण्यासारखं काम केलं. मग चकती माझ्या हातात देऊन ते नमाजाला गेले. "कपड़े में लपेटो. डिब्बे में रखो." मी ती उजेडात धरली. सोनं झळकत होतं, चांदी झळकत होती आणि भोवती ती काळी जमीन. मला ते बघवेना. इतकं बारीक काम, कोणा तांबटानं डोळे फोडून केलेलं, आणि शतकाची काजळी तशीच ठेवून परत द्यायची? मनात म्हटलं, उस्ताद चांदीवाले, त्यांना तांब्याचं काय कळतंय. माझ्या डब्यात चिंचेच्या साराचा चोथा होता. मीठ मालकाच्या चहाच्या टेबलावर होतं.

सांगायला लाज वाटते, पण घासताना मला फार आनंद होत होता. पहिल्या बोटाखालचं काळं निघालं आणि आतून गुलाबी तांबूस धातू हसला, तसा मी नाशिकलाच पोचलो. एक अख्खी बाजू उजळली. दाण्या-दाण्यातून चिंच फिरवली, धुतली, पुसली. उस्ताद परत आले तेव्हा मी ती दोन्ही हातांनी पुढे केली, ताट ओवाळणीला धरतात तशी. "देखो उस्ताद! नया!"

उस्तादांनी भिंग लावलं. मग भिंग काढलं आणि स्टुलावर बसले. मग हळूच म्हणाले, "खलास."

"काला निकाल दिया, उस्ताद. मैल था."

"मैल नहीं था. वो रंग था, गजान. वही तो काम था."

मी तरीही ऐकेना. काळं हे काम कसं असेल? तेव्हा त्यांनी सांगितलं की मोरीसाहेबांनी शनिवारीच, मी चहा आणायला गेलो तेव्हा, त्यांना समजावलं होतं. या तांब्यात मुद्दाम थोडं सोनं मिसळतात, म्हणजे ते काळं होतं, आणि त्या काळ्यावर चतुर उठून दिसतो. सोनं घालून काळं करायचं! माझ्या डोक्यात हे शिरायलाच किती तरी वेळ लागला. आम्ही उजळायला सोनं लावतो. हे लोक काळोखाला लावतात.

उस्ताद म्हणाले, "काला वापस नहीं आया, तो तुम घर जाओगे. खराब किया, इसलिए नहीं. खराब मैंने भी बहुत किया है. पूछा नहीं, इसलिए."

घरी येऊन मावशीला सांगितलं. मला वाटलं ती धीर देईल. ती भाकरी थापता-थापता थांबली आणि म्हणाली, "म्हणजे मोरीसाहेबांची वस्तू तू नेऊन मोरीत घातलीस?" मग भाऊकाकांना हाक मारून, "अहो, ऐकलंत का? चतुर तिथे बसलेला, आणि आमचं हे येडं त्याला चिंच लावत होतं!" दोघं पोट धरून हसली. मी भिंतीकडे तोंड करून बसलो. थोड्या वेळानं मावशी आली, माझ्यासमोर ताट ठेवलं आणि अगदी वेगळ्या आवाजात म्हणाली, "गुरुवारी साहेब येतील तेव्हा आधी तू बोलायचंस. उस्तादांना बोलू द्यायचं नाही. एवढं केलंस तर आमच्यासाठी तू अजून या घरातलाच." आज मागे बघतो तेव्हा वाटतं, मला माणूस करायला त्या बाईनं याहून जास्त काही करायची गरजच नव्हती.

गुरुवारी मोरीसाहेब आले. पेटी उघडायच्या आधीच उस्ताद उभे राहिले आणि म्हणाले, "साहब, मेरे हाथ से गलती—" मी मध्ये घुसलो. "उस्ताद ने नहीं. मैंने किया. पूछा नहीं." आवाज एवढा मोठा निघाला की मालक आतून बाहेर आले.

मोरीसाहेबांनी चकती उचलली. एक बाजू काळी, एक बाजू नव्या तपेलीसारखी. त्यांचा चेहरा हलला नाही, पण कान लाल झाले, ते मला दिसलं. त्यांनी चकती नाकाशी नेली. वास घेतला. "इमली?"

"इमली. और नमक."

ते मालकाकडे, उस्तादांकडे, शेवटी माझ्याकडे बघत राहिले. मग माझा उजवा हात धरून त्यांनी उलटा केला आणि अंगठ्यावरचा घट्टा दाबून बघितला. "काम, कौन सा?" मी वडिलांचं सांगितलं. ठोका कसा, मठार कसा, स्टुलावर मारून दाखवलं. ते म्हणाले, "अच्छा. तुम काला करेगा. मैं बोलेगा, तुम करेगा." आणि कागदावर काढून सांगू लागले. त्यांच्या आजोळी हे काम चालायचं, लहानपणी त्यांनी बघितलं होतं. आधी एक हिरवं लागतं. तांब्यावर आंबट लावून धरायचं, म्हणजे सुटतं ते हिरवं. त्यांचा जपानी शब्द मला तेव्हा उच्चारता आला नाही आणि आजही येत नाही. पण ते काय आहे ते मला त्यांच्याआधी कळलं होतं.

"कळक!" मी म्हणालो. "साहब, वो कळक है! उसके लिए माँ ने मारा था!"

पुढचा आठवडा मी मावशीच्या बाल्कनीत कळक पिकवला. बरणीत व्हिनेगर, वर टांगलेले तांब्याचे तुकडे, रोज सकाळी झाकण उघडून बघायचो. ज्याच्यापायी चापट खाल्ली तो गुन्हा मी आता देवपूजेसारखा करत होतो. भाऊकाका बसला जाता-जाता विचारायचे, "काय गजा, आलं का पीक?" पाचव्या दिवशी हिरवं-निळं फुललं. मी ते सुरीनं खरवडून कागदात बांधलं.

शुक्रवारी सकाळी मोरीसाहेब आणि उस्ताद दोघं आमच्या घरी, भाऊकाका मासळी आणायला गेलेले. मावशीनं नवीन साडी नेसली होती आणि कोणाशीही न बोलता चहा करत होती, म्हणजे ती घाबरली होती. मोरीसाहेबांनी पिशवीतून निळे खडे काढले. मोरचूद, मी ओळखला. तोही कळकात घालायचा. उकळायला भांडं पाहिजे ते तांब्याचंच, आणि आतून कल्हई नसलेलं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. घरात तसं भांडं एकच होतं.

मी आईचा तांब्या आणून शेगडीवर ठेवला. त्यात एकदा हे विष उकळलं की पुन्हा त्यातून कोणी पाणी प्यायचं नाही, हे तांबटाच्या पोराला कोणी सांगायला नको. मावशी म्हणाली, "गजा, दुसरं काही बघू." मी म्हणालो, "दुसरं नाही."

मग मोरीसाहेब म्हणाले, "मूली."

मावशीला वाटलं त्यांना भूक लागली. तिनं कोशिंबीर पुढे केली. "नहीं, नहीं. कच्चा. घिसा हुआ." बुडवायच्या आधी चकतीला किसलेला मुळा चोळायचा, म्हणजे रंग सारखा धरतो. माझा स्वभाव तुम्हाला आतापर्यंत कळलाच असेल. मी मनात म्हटलं, मुळ्यानं काय होतंय. जरासा लावल्यासारखा केला आणि तांब्याच्या तारेला अडकवून चकती सोडली पाण्यात. थोड्या वेळानं वर काढली तर अंगावर कोड उठावं तसे डाग. कुठे तपकिरी, कुठे गुलाबी. उस्तादांनी डोळे मिटले.

मोरीसाहेब म्हणाले, "मूली कम." एवढंच. मग माझ्याकडे बघत, अगदी शांतपणे, "फिर से. इमली."

मावशीचं हसू फुटलं, तिनं पदर तोंडावर धरला. ज्या चिंचेनं घालवलं तिनंच मला ते सगळं पुन्हा स्वच्छ करायचं होतं. या वेळी घासताना मला आनंद झाला नाही. मावशीनं दोन अख्खे मुळे किसले. "घे, लाव आता मेल्या, हात सोडून लाव. जेवणाला काय घालू तुम्हाला, देठ?" मी दाण्या-दाण्यात मुळा भरला. मुळ्याचा उग्र वास, खाली उकळणारा कळक, आणि चौघं त्या लहानशा ओट्याभोवती वाकलेले. चकती तारेला लावताना ती निसटायला लागली म्हणून मी मधल्या फटीपाशी अंगठ्यानं क्षणभर धरली, आणि सोडली पाण्यात.

मी तार हलवत राहिलो. मोरीसाहेब पुटपुटत होते, "जल्दी नहीं, जल्दी नहीं." आधी विटेसारखा लाल आला. मग जांभळा, वांग्याच्या सालीसारखा. मग काहीच होईना, नुसता जांभळा. उस्तादांचा श्वास मला मानेवर लागत होता. माझ्या डोळ्यांपुढे विमानतळ येऊन गेला. आणि मग, कधी ते मला सांगता येणार नाही, जांभळं आत बुडालं आणि काळं वर आलं. काजळीचं काळं नाही ते. सीताफळ खाऊन तोंडातून बी काढावी, ओली, गुळगुळीत, तसं काळं. त्यावर चतुर असा उठला की मावशी म्हणाली, "अगंबाई, उडेल की."

त्या दिवशी मला पहिल्यांदा चतुर दिसला. आधी दोन वेळा हातात घेऊन मी फक्त काळं बघितलं होतं.

मोरीसाहेबांनी चकती पुसली, तेल लावलं, खिडकीत नेली. बराच वेळ फिरवून बघितली. मग थांबले आणि मला बोलावलं. मधल्या फटीशेजारी, जिथे मूठ आणि पातं बसल्यावर काही दिसत नाही, तिथे तांबूस उमटलेला माझा अंगठा होता. रेषान् रेष. हाताचा तेलकटपणा लागला तिथे काळं धरलंच नव्हतं. मी चिंचेच्या वाटीकडे वळलो. "फिर से करता हूँ, साहब."

"नहीं." त्यांनी माझा दंड धरला. मग फटीच्या बाजूची ती जागा नखानं दाखवली. "यहाँ कारीगर का नाम होता है. इसमें नहीं था. किसने बनाया, किसी को मालूम नहीं." मग पहिल्यांदाच हसले. "अब एक है."

मावशीनं विचारलं, "काय म्हणाले रे?" उस्तादांनीच सांगितलं तिला, त्यांच्या मोडक्या हिंदीत, की साहेब म्हणतात ही गजानची सही आहे.

दुपारी सगळे आमच्याकडेच जेवले. गाबोळी होती. मोरीसाहेबांनी तुकडा उचलून भिंगातून बघितल्यासारखं केलं, भाऊकाकांना ठसका लागला. शनिवारी कारखान्यात माझ्या जागेवर ब्रश नव्हता. चांदीची एक पट्टी, हातोडी आणि छिन्नी ठेवलेली होती. उस्ताद दुसरीकडे बघत म्हणाले, "यल्ला. मारो." यल्ला म्हणजे अरबीत 'चल, लाग'. त्या यल्लावर मी माझी सगळी उमर काढली.

मोरीसाहेब रजेवरून परत आले ते पेटीशिवाय. म्हणाले, त्यांच्या वडिलांनी चकती उजेडात धरून बघितली, फटीपाशी थांबले, विचारलं, कोण हा? मुलानं सांगितलं. म्हातारा उठला आणि त्यानं चकती पुन्हा तलवारीवर चढवली. म्हणाला, आता तिला कुठे पाठवायचं नाही.

मावशी गेली, भाऊकाका गेले, उस्ताद त्यांच्या गावच्या मातीत गेले. मी शारजातच, अल मजाजला मुलाकडे राहतो, खाली खाडीचं पाणी दिसतं. आईचा तांब्या कपाटावर आहे, आतून अजून जांभळा. सून दर दिवाळीला विचारते, "बाबा, हा घासू का?" मी नको म्हणतो, आणि तिनं विचारलं याचं मला दर दिवाळीला बरं वाटतं.

मागच्या महिन्यात ओळखपत्राचं नूतनीकरण होतं. काचेवर अंगठा ठेवला, मशीन लाल. पुन्हा ठेवला, पुन्हा लाल. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "अंकल, ट्राय अगेन, हाथ पोंछ के." क्रीम लावलं, पुसलं, दाबलं. पन्नास वर्षं छिन्नी धरून रेषा पार गुळगुळीत झाल्यात, काही उमटेना. मुलगा कसनुसा झाला, मागे लाईन वाढत होती. नातवाला मात्र मोठी गंमत वाटली. "आजोबा, यू हॅव नो फिंगरप्रिंट ॲट ऑल!"

"आहे रे," मी म्हणालो. "एक आहे, चांगला, रेषान् रेष. जपानात आहे. लागला तर मागवून घ्या म्हणावं."